सासूची पेटी

शांतता इतकी लांबली की भिंतीपलीकडच्या शीतगृहाची घरघर सभेतल्या एखाद्या सदस्यासारखी ऐकू येऊ लागली. कुणीतरी पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडले आणि न पिताच पुन्हा लावले.

डॉ. श्रीरंग रणनवरे यांनी आपला प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही. तो टेबलावर तसाच पडून होता. नव्या औषधासोबत जाणाऱ्या जुन्या औषधाच्या जोडपेटीची गरज पडत नाही, असे खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरांनीच संस्थेला सांगितले होते, असे संचालिका सबनीसबाई आत्ताच म्हणाल्या होत्या. त्यावर श्रीरंगने एवढेच विचारले होते : कुठल्या डॉक्टरांनी?

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला केतकी बसली होती. ती संस्थेची प्रक्रिया-सुधार अधिकारी आणि श्रीरंगची धाकटी बहीण. उत्तर तिला ठाऊक होते. ते एकाच डॉक्टरचे नाव होते, आणि तो डॉक्टर समोर बसून उत्तराची वाट पाहत होता.

"नावं महत्त्वाची नाहीत, डॉक्टर," सबनीसबाई शेवटी म्हणाल्या. "निर्णय समितीचा होता. आपण दोष शोधायला बसलेलो नाही, प्रक्रिया तपासायला बसलोय."

"माझ्याकडची सुरमी सापानं मेली, मला मान्य आहे," श्रीरंग म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही; चढला असता तर केतकीला बरे वाटले असते. "पण दरवर्षी माझ्या रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये एक दुसरी पेटी असते. यंदा ती नव्हती. ती नको असं कुणी सांगितलं, एवढंच विचारतोय."

मग गुणवत्ता विभागाचे प्रमुख मुजावरसर खाकरले आणि म्हणाले, "चहा घेऊ या का?"

ती दया होती की भित्रेपणा, हे केतकीला कळले नाही. सगळ्यांबरोबर तीही उठली.

*

संस्था सर्पदंशावरचे औषध बनवत असे. प्रतिविष. एके काळी हे काम घोडे करत. घोड्याला सोसेल इतके थोडे विष टोचायचे, मात्रा हळूहळू वाढवायची. त्याचे शरीर त्या विषाला उत्तरे शोधे, आणि ती उत्तरे, म्हणजे प्रतिद्रव्ये, त्याच्या रक्तातून वेगळी काढून कुप्यांत भरायची. गेल्या काही वर्षांत तबेल्याच्या जागी पोलादी टाक्या आल्या होत्या. त्यांतल्या पेशींना प्रतिद्रव्ये घडवण्याचे शिक्षण दिलेले होते. त्या न थकता, न फुरफुरता तेच एक औषध स्रवत राहत. औषध स्वच्छ होते. घोड्याच्या रक्ताने अंगावर उठणाऱ्या गांध्या, थंडी, श्वासाची घुसमट, सगळे गेले.

मात्र एका जातीच्या सापाचे विष सगळीकडे सारखे नसते. सातपुड्यातला घोणस आणि कोकणातला घोणस दिसायला सख्खे भाऊ, पण त्यांच्या विषातले घटक वेगवेगळ्या प्रमाणांत असतात. घोड्याचे उत्तर ढोबळ असे. विचारले त्याहून जास्त सांगून जाणाऱ्या गावच्या म्हाताऱ्यासारखे, आणि त्या पाल्हाळातच कुठेतरी नेमके हवे ते सापडे. टाकी तसे करत नसे. तिला ज्या विषाचा नमुना दाखवला, तेवढ्याच प्रश्नाचे ती अचूक उत्तर देई. प्रयोगशाळेच्या चाचण्या त्याच नमुन्यावर होत, त्यामुळे टाकीचे औषध प्रत्येक चाचणी उत्तीर्ण होई.

म्हणूनच मुजावरसरांनी एक रीत पाडली होती. नवे औषध आधी दूरच्या पाच रुग्णालयांना जाई, पाच वेगळ्या मुलखांतल्या. आणि ते एकटे जात नसे. नव्या पेटीला जोडून घोड्याच्या जुन्या औषधाची एक पेटी जाई. नव्याचा गुण आला नाही तर डॉक्टरने क्षणही न दवडता जुने टोचायचे, आणि गुण आला तरी, न आला तरी मुजावरसरांना फोन करायचा. तो फोन येईपर्यंत उरलेला साठा शीतगृहात थांबे.

"नवी सून कितीही शिकलेली असो," मुजावरसर पेट्या बांधणाऱ्या पोरींना म्हणत, "पहिल्या खेपेला सासू सोबत पाठवायची. घराची खोड तिला ठाऊक."

"आणि सर, सासूच बिघडलेली निघाली तर?"

"बिघडलेलीच असते गं. म्हणून तर टिकते."

तेव्हापासून शीतगृहात त्या पेट्यांना सासू आणि सून हीच नावे पडली. घोडे आता नव्हते. सासवा हळूहळू संपत चालल्या होत्या.

*

मग आरसा आला.

आरसा म्हणजे संस्थेची संगणकातली हुबेहूब प्रतिकृती. प्रत्येक कुपी, प्रत्येक दार, प्रत्येक ड्रोन, बाहेरच्या प्रत्येक रुग्णालयातला फ्रिज यांवर बसवलेल्या टिकलीएवढ्या संवेदकांकडून त्याला सतत खबर मिळे. कामाचा एखादा टप्पा त्या प्रतिकृतीतून काढून टाकायचा आणि विचारायचे : आता पुढचे वर्ष कसे जाईल? पापणी लवायच्या आत आरसा ते वर्ष जगून दाखवी. कुठे काम तुंबते, कुठे औषध विनाकारण पडून राहते, कुठे एकच गोष्ट दोनदा होते, हे सारे तो नकाशावर तांबड्या रेषांनी उमटवी. त्यांतली कोणती रेष खोडायची, ते मात्र माणसाने ठरवायचे. ते माणूस केतकी होते.

सर्वांत जाड तांबडी रेष जोडपेटीची होती. पाच रुग्णालयांत जुन्या औषधाच्या पेट्या नुसत्या बसून होत्या, नवा साठा एका फोनसाठी शीतगृहात अडून होता, आणि त्याच काळात राज्यात इतरत्र पावसाळ्यात औषध संपत होते. "साठा शिल्लक नाही" असे सांगून जीपमधून पुढे पाठवलेली माणसे वाटेतच जात होती. आरसा त्यांचे ठिपके दाखवी. त्या ठिपक्यांना नावे नव्हती, पण ते खोटे नव्हते.

त्याने तीन वाटा सुचवल्या. पहिली, आहे तसेच चालू द्यावे. दुसरी, फोनसाठी थांबणे बंद करावे, पण जोडी पाठवत राहावी. तिसरी, दोन्ही बंद. दुसऱ्या वाटेने ठिपके निम्मे होत. तिसरीने जवळजवळ नाहीसे होत, आणि नकाशावरची औषधाच्या वाटेची रेष ताणलेल्या दोरीसारखी सरळ होई. ती सरळ रेष केतकीला सुंदर वाटली होती. पुढे हेच तिला सर्वांत अधिक बोचले.

तिसरी वाट निवडायची तर जोडपेटी वापरणाऱ्या डॉक्टरांचे मत घेणे आवश्यक होते. डॉक्टर पाच होते. तिने एकालाच विचारले, तेही भाऊबीजेला, निरांजन हातात असताना.

"ओवाळणी काय हवी?" श्रीरंगने विचारले होते.

"पैसे नकोत, दादा. माहिती दे. तुझ्याकडे ती सासू असते ना, ती कधी लागते का रे?"

तो मोठ्याने हसला होता. "सासू कपाटातच शोभते! दोन वर्षं झाली, तोंड उघडलेलं नाही तिनं."

"हळू बोला," वहिनी स्वयंपाकघराकडे डोळे वळवून म्हणाली होती, "माझ्या ऐकतायत."

आई आतून ओरडली होती, "ऐकतेय, ऐकतेय! करंज्या कुणी केल्यात ते लक्षात ठेवा म्हणजे झालं!" सगळे हसले होते. केतकीही हसली होती. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन तिने ते हसू गाळले आणि उरलेले वाक्य आरशात भरले : डॉक्टरांचा अभिप्राय, गरज पडलेली नाही.

बाकीच्या चौघांना विचारायचे राहून गेले, असे तिने स्वतःला सांगितले होते. पण राहून गेले नव्हते. त्यांच्यापैकी कुणी गरज पडते म्हणाले असते, तर रेष वाकली असती.

*

चहा कुणीच घेतला नाही. श्रीरंग जुन्या तबेल्याकडे गेला होता. लहानपणी केतकीवर रुसला की तो असाच घराच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहत असे. ती निघाली तेव्हा मुजावरसर दारात होते.

"तुम्ही काही बोलला का नाहीत, सर?" ती म्हणाली. "त्या दिवशी, समितीत. रीत तर तुमची होती."

मुजावरसरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. "माझ्याकडे आकडा नव्हता, केतकी. तुझ्या आरशानं ठिपके दाखवले. ती माणसं मरत होती, खरंच मरत होती. त्यांच्यापुढे मी काय ठेवणार होतो? एक विनोद? सासू-सुनेचा?" त्यांनी चष्मा परत चढवला. "आता तू माझ्यावर ढकलायला आलीस का?"

"नाही."

"ढकल की. थोडं घेईन मी. निवृत्तीला आलोय, हात रिकामेच आहेत."

त्यांनी तबेल्याकडे मान वळवली. "त्याला मात्र तूच सांग. संध्याकाळपर्यंत सबनीसबाई अहवालाचा कागद पाठवतील, त्यात त्याचं नाव असेल. कागदावरून कळू नये."

तबेल्यात आता टाक्या होत्या, उंच, गोल, आपापल्या आवाजात गुणगुणणाऱ्या. भिंतीतल्या घोडे बांधायच्या लोखंडी कड्या मात्र कुणी काढल्या नव्हत्या. त्या काढण्याने काही सुधारणार नव्हते. श्रीरंग एका कडीत बोट अडकवून उभा होता.

"सुरमीला तू पाहिलंयस," तो मागे न वळता म्हणाला. "गेल्या वर्षी आलीस तेव्हा भाकरी तिनंच केली होती. आपल्या रायमलची बायको."

रायमल पावरा श्रीरंगच्या रुग्णालयाची जीप चालवत असे. आजही त्यानेच श्रीरंगला सातपुड्यातून इथवर आणले होते.

"आठवतेय," केतकी म्हणाली. "मला मिरचीचा ठेचा झेपला नाही म्हणून हसली होती."

"गवत कापताना घोणस चावला. शेतातून तासाभरात माझ्याकडे आणली, म्हणजे आमच्याकडे वेळेआधीच म्हणायचं. मी खुशीत होतो, केतू. मी रायमलला म्हटलं, अरे, नवं औषध आलंय, थंडीतापसुद्धा येत नाही आता." तो थांबला. "रक्त काचेच्या नळीत घेतो आम्ही. हलवायचं नाही, तसंच ठेवायचं. मग नळी तिरपी करायची. रक्त गोठलेलं असलं तर माणूस सुधारतोय. पाण्यासारखं वाहिलं तर विष अजून जिंकतंय. मी औषध दिलं आणि नळी तिरपी केली. वाहिलं. आणखी दिलं. वाहिलं. होतं नव्हतं ते सगळं दिलं. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा मी फ्रिज उघडला."

एका टाकीचा सूर किंचित बदलला आणि पुन्हा पहिल्यासारखा झाला.

"फ्रिजमध्ये तिची जागा होती. मागच्या कप्प्यात, डावीकडे. हात आपोआप तिकडेच गेला. रिकाम्या जागेला हात लागला की किती गार लागतं, तुला सांगता येणार नाही. जुनी पेटी मागवली. ड्रोन आला. ढग होते, तरी आला. औषध आलं तेव्हा तिला त्याची गरज उरली नव्हती."

"दादा," केतकी म्हणाली. पुढचे वाक्य तिने सभेत, जिन्यात, अंगणात जुळवले होते. आता त्यातला एकही शब्द जागेवर नव्हता. "तो डॉक्टर तू आहेस. भाऊबीजेला मी विचारलं होतं. तू म्हणालास, तोंड उघडलेलं नाही तिनं. ते मी भरलं. दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. निर्णय खरा समितीचा नव्हता, तिनं नुसती मान डोलावली. वाट मी निवडली."

तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते, आणि तेच तिला सहन झाले नाही.

"चेष्टा होती ती," तो म्हणाला.

"माहीत होतं मला."

"चेष्टा आहे हे कळूनही भरलीस?"

"ती खरीही होती. दोन वर्षं लागली नव्हती ना तुला?"

"लागली नव्हती." त्याने कडीतून बोट काढले, बोटावर गंजाचा तांबूस वळा उमटला होता. "विझवायला पाण्याचा हंडा भरून ठेवतो, आग दोन वर्षं लागत नाही, म्हणून कुणी हंडा फेकत नाही. मी नुसता हसलो. घरात होतो, करंज्या खात होतो, हसलो. आता रायमलला काय सांगू? तुझी बायको माझ्या एका विनोदानं गेली, असं?"

"तुझ्या नाही. माझ्या."

"वाटून घेता येत नाही ते, केतू," तो म्हणाला. "निम्मं-निम्मं होत नाही. दोघांकडे पुरतंच राहतं."

मग त्याने हळूच विचारले, "आणि सभेत दाखवलेत ते ठिपके? कमी झाले?"

तिला खोटे बोलावेसे वाटले. "झाले. यंदा राज्यात औषध नाही म्हणून कुणालाच परत पाठवलं नाही. पहिल्यांदाच."

त्याने मान हलवली. एखाद्याने रुग्णाच्या नातेवाइकांसमोर हलवावी तशी. मग तो दाराबाहेर पडला.

*

दुपारनंतर केतकीने आरसा उघडला आणि जोडपेटीची रीत पुन्हा त्यात बसवली. पाच रुग्णालये, जोडी, फोन येईपर्यंतचा थांबा, सगळे पूर्ववत. तिने मान्यतेची खूण केली तेव्हा नकाशावर, जिथे वर्षभर काहीच नव्हते तिथे, ठिपके परत उमटू लागले. राज्याच्या दुसऱ्या टोकाला एक उमटला. मग त्याच्या शेजारी आणखी एक. तिने पडदा विझवला. काळ्या काचेत तिचा चेहरा दिसला, तोही विझवता आला असता तर तिने विझवला असता.

शीतगृहातून तिने स्वतः दोन पेट्या आणल्या. नवी पेटी, दुरुस्त केलेल्या नमुन्याची, सातपुड्यातल्या विषावर घडवलेली. आणि जुनी. पेट्या छातीशी धरून ती फाटकाकडे गेली. गारवा सदऱ्यातून आत उतरत होता.

जीप निघायच्या तयारीत होती. रायमल तिला पाहून खाली उतरला आणि दोन्ही हात जोडून उभा राहिला.

"ताई, डॉक्टरसायबानं लई दवा दिली," तो म्हणाला. "तुमच्याकडचीच ना ती? एवढी दवा आमच्याकडं कुणाला नाय मिळत. सगळी दिली त्यानं. तरी नाय झालं." तिला धीर द्यावा तसे तो बोलत होता. "तिचं तेवढंच होतं मग."

रायमलने पेट्या पाहिल्या आणि आपल्या रोजच्या कामाला लागावे तसे त्या घ्यायला हात पुढे केले.

"थांब, रायमल," जीपच्या पलीकडून श्रीरंग म्हणाला.

तो फेरा घालून आला. त्याने पेट्यांवरच्या पट्ट्या वाचल्या. नवीची, मग जुनीची. जुन्या पेटीवरची पट्टी नवी होती. तिच्याखाली दुसरी एक पट्टी अर्धवट खरवडलेली दिसत होती.

"रीत परत सुरू केलीय," केतकी घाईने म्हणाली. "आत्ताच. पहिली जोडी तुझ्याकडे. नमुना बदललाय, तुझ्या भागातलंच विष घेतलंय. तरी काही झालंच, तर ही आहे. ही कायम असेल आता, दादा. मी वचन देते."

श्रीरंगने खरवडलेल्या पट्टीवर अंगठा ठेवला. "सासवा तर संपत आल्यात म्हणत होता तुम्ही. ही कुणाच्या घरातून उचललीस?"

तिने पेट्या अधिक घट्ट धरल्या. "उद्या पूर्वेकडच्या एका रुग्णालयात जाणार होती. त्यांच्या वाट्यातली आहे."

"त्यांच्याकडे दुसरं काय आहे?"

"आता काही नाही. पुढच्या खेपेपर्यंत."

"तिथला डॉक्टर कोण?"

"माहीत नाही."

"माहीत असतं तर उचलली असतीस?"

फाटकाबाहेरच्या रस्त्यावरून उसाची एक ट्रॉली गेली आणि तिच्यामागे धुळीचा लांब पडदा राहिला.

"माझ्याकडे मेली म्हणून परत सुरू केलीस," श्रीरंग म्हणाला. त्यात राग नव्हता. नळी तिरपी करून पाहावे तसे तो ते वाक्य तिरपे करून पाहत होता. "दुसऱ्या कुणाकडे मेली असती, तर तुझी रेष सरळच राहिली असती ना गं?"

"मग मी काय करू?" केतकीचा आवाज फुटला. "ठेवली तर तिकडचे मरतात. काढली तर इकडचे. तूच सांग, दादा. तू सांगशील ते करते. ही घेतोस की तिकडे पाठवू?"

दोन्ही पेट्या तिने पुढे केल्या. रायमलचे हातही अजून तसेच पुढे होते, दोघांच्या मध्ये, घ्यायला उघडलेले. आणि आता तो एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहू लागला होता, जणू तिने हे त्यालाच विचारले होते.

श्रीरंगने पेटीवरचा अंगठा उचलला. त्या अंगठ्याकडे त्याने थोडा वेळ पाहिले. मग दोन्हींपैकी एकही पेटी न घेता तो दोघांकडे पाठ करून जीपकडे चालू लागला.